मोबाईलवरील अफवा : गावाने बंदी घालावी काय?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



एरवी मी आपल्याशी बोलतो ते पेरणी, खताच्या मात्रा, कीड-रोग यांवर. आजचा विषय वरवर पाहता निराळा वाटेल, पण तोही शेतीचाच आहे. मोबाईलवरून गावात येणारी खोटी खबर, म्हणजे अफवा, आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा मजकुराला बंदी घालावी की घालू नये, यावर आज बोलू.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. सोयाबीन शेंगांवर होते, कपाशीला पाते-बोंडे लागली होती. मी मोटारसायकलीने एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालो होतो. वाटेत चहाला थांबलो आणि मोबाईल उघडला. शेतात पडलेली दोन माणसे आणि शेजारी एका हिरव्या काटेरी अळीचा फोटो. खाली लिहिलेले, 'कपाशीवर नवी अळी आली आहे. चावली की माणूस पाच मिनिटांत दगावतो. सगळ्या शेतकऱ्यांना कळवा.' शेतकऱ्यांच्या कामी येईल म्हणून मी तो मजकूर माझ्या भागातील तीन ग्रुपवर पाठवून दिला. चहा संपायच्या आत काम झाले.

दुसऱ्या दिवशी एका गावात बायका निंदणीला आल्या नाहीत. अळीच्या भीतीने लेकरांनाही कुणी शेतात जाऊ देईना. त्याच गावातल्या एका वयस्कर शेतकऱ्याने, त्यांना आपण आबा म्हणू, घरात होती नव्हती ती दोन कीटकनाशके एकत्र केली, मात्रा दुप्पट घेतली आणि भर दुपारी उघड्या अंगाने सगळे बांध फवारून काढले. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने दवाखान्यात नेले. आबा वाचले, पण तीन दिवस सलाईनवर होते.

मी भेटायला गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साहेब, तुमचा मेसेज होता म्हणून इस्वास ठेवला."

बंधूंनो, त्या अळीचा डंख त्या गावात एकालाही झालेला नव्हता. माणूस आजारी पडला तो मी पाठवलेल्या खबरीमुळे. कृषीची पदवी घेतलेला माणूस फसतो, तर दुसरा फसणारच नाही असे कोण म्हणेल? म्हणून आज हा विषय.

खरे काय होते?

ती अळी खरी होती. तिला घोणस अळी, काटेरी अळी किंवा डंख अळी म्हणतात. ती नवी नाही. पावसाळ्याच्या शेवटी बांधावरच्या गवतावर, एरंडीवर, आंब्यावर, कधी मका-उसावर ती दिसते. ती अंगावर उडी मारत नाही, चावतही नाही. तिच्या अंगावरील काट्यांत विषारी द्रव असतो. काटे त्वचेत घुसले की आग होते, सूज येते. बहुतेकांना एका दिवसात आराम पडतो. ज्याला ॲलर्जी आहे किंवा ज्याला श्वास घेण्यास त्रास होतो, त्याने मात्र ताबडतोब दवाखाना गाठावा. शेजारच्या बीड जिल्ह्यात काही जणांना डंखामुळे उपचार घ्यावे लागले, हेही खरे. म्हणजे त्या मजकुरात एक दाणा खरा होता आणि बाकी सगळा कोंडा.

आणि ती दोन माणसे? ते बापलेक जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यातले होते. वीज पडून त्यांचा जीव गेला होता. कुणीतरी त्यांचा फोटो आणि अळीचा फोटो एकत्र जोडला. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांनीही घाबरून जाऊ नका असाच सल्ला दिला. पण खोटी खबर एका रात्रीत घरोघर पोचली होती. खरा सल्ला मागून, पायी चालत आला.

डंख झालाच तर काय करावे तेही ऐका. चिकटपट्टी त्या जागेवर हलकेच लावून उचलावी, म्हणजे काटे निघून येतात. मग बर्फ लावावा, किंवा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप द्यावा. जागा चोळू नये. अळ्या दिसल्या तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्या, सकाळी गाळून घ्याव्या, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण शंभर लिटर द्रावण करावे. एवढे पुरते. दोन औषधे एकत्र करून आणि मात्रा वाढवून काहीही साधत नाही.

पारावरची बैठक

आबा घरी आल्यावर त्या गावात मारुतीच्या पारावर आम्ही बैठक घेतली. मी आधी सर्वांसमोर माफी मागितली. मग चर्चेला तोंड फुटले.

ग्रुपचा ॲडमिन असलेला तरुण म्हणाला, "साहेब, आता एकच. खोटं टाकील त्याला ग्रुपातून काढायचं. आन् दंड."

त्यावर एक म्हातारे गृहस्थ उठले. म्हणाले, "ते ठीक हाय. पण खरं कंचं आन् खोटं कंचं, हे ठरवणार कोण? तू? का हे साहेब? साहेबांनीच तर फोटू टाकला होता."

सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न बिनतोड होता, आणि त्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

बंदी का हवी?

बंदीच्या बाजूचे पहिले कारण म्हणजे राईनपाडा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले हे गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. त्या आधी कित्येक दिवस 'मुले पळवणारी टोळी फिरते आहे' असे मजकूर मोबाईलवरून फिरत होते. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. संशय आला, जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि मारहाणीत पाचही जणांचा जीव गेला. मुले पळवणारी टोळी नव्हतीच. मारणारे लोक कुणी परके नव्हते, बाजाराला आलेले आपल्यासारखेच लोक होते.

अशा घटनांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाच जागीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून जो मजकूर अनेक हातांतून आला आहे तो एका वेळी एकाच जागी पाठवता येतो, आणि त्याच्यावर दोन बाणांची खूण दिसते. ही खूण ध्यानात ठेवा. मजकूर खोटा आहे असे ती सांगत नाही, पण तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही, एवढे नक्की सांगते.

दुसरे कारण पैशाचे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो' अशी अफवा उठली. चिकनचा खप एकदम बसला. भाव उत्पादन खर्चाच्या किती तरी खाली गेला. कुक्कुटपालकांनी पक्षी फुकट वाटले, कुणी खड्ड्यात पुरले. कोंबडीचे खाद्य मक्याचे आणि सोयापेंडीचे असते, म्हणजे ज्याने आयुष्यात कोंबडी पाळली नाही त्या सोयाबीनवाल्याशीही याचा संबंध येतो.

असा मजकूर 'ज्याचे त्याचे मत' म्हणून सोडून देता येत नाही. विहिरीत कुणी घाण टाकू लागला तर आपण त्याचा हात धरतोच.

बंदीत धोका कोणता?

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच परभणी तालुक्यात मुरुंबा गावी काही दिवसांत सुमारे आठशे कोंबड्या मेल्या. आदल्या वर्षी लोकांनी कोंबडीची अफवा पाहिलेली होती. 'ही पण अफवाच, ग्रुपवर टाकू नका, धंदा बसेल' असे कुणी म्हटले असते तर ते पटण्यासारखे होते. पण नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि अहवाल आला बर्ड फ्ल्यूचा. मग प्रशासनाने एक किलोमीटर परिसरातील पक्षी नष्ट केले आणि दहा किलोमीटर परिसरात खरेदी-विक्री थांबवली. तेव्हा कोंबड्या मेल्याची खबर खरी होती आणि ती लवकर बाहेर येणेच गावाच्या हिताचे होते. त्याच वेळी 'आता चिकन-अंडी खाल्ली की मरण' हे खोटे होते. ७० अंशांच्या वर नीट शिजवले की तो विषाणू मरतो. एकाच दिवशी, एकाच विषयावर, एक खबर खरी आणि दुसरी खोटी. सरसकट बंदीने दोन्ही गेल्या असत्या.

तसेच सोयाबीनचे. जून २०२० मध्ये मराठवाड्यात ठिकठिकाणी पेरलेले सोयाबीन उगवले नाही. सुरुवातीला 'पेरणीच खोल झाली असेल, ओल नसेल' असे पुष्कळांनी ऐकवले. काही शेतांत ते कारण होतेही. पण तक्रारींचे ढीग पडले, पंचनामे झाले आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्यात लक्ष घातले. त्या वेळी 'बियाणे खराब आहे' असे लिहिणाऱ्याला अफवा पसरवणारा ठरवून ग्रुपातून काढले असते, तर त्याचे नुकसान झाले असतेच, शिवाय शेजाऱ्याला दुबार पेरणीचा निर्णय वेळेत घेता आला नसता.

सरकारी कायद्यांतही ही अडचण दिसली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली होती. ती अफवा नव्हती, एक मत होते. ज्या कलमाखाली ती अटक झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. केंद्र सरकारबद्दलची कोणती बातमी खोटी हे सरकारच्याच तपासणी पथकाने ठरवावे, असा नियम २०२३ मध्ये आला होता. तोही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला. म्हणजे पारावरच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न मोठमोठ्या न्यायालयांतही विचारला गेला आहे. खरे-खोटे ठरवणार कोण?

मग करायचे काय?

बंधूंनो, आपण तण काढताना सगळ्या रानावरून नांगर फिरवत नाही. खुरपे घेऊन बसतो, पीक ओळखतो, तण ओळखतो. ग्रुपवर आलेल्या मजकुराचेही तीन भाग करावेत असे मला वाटते.

पहिला भाग : ज्याने जीव, पैसा किंवा गावातील सलोखा लगेच धोक्यात येतो. मुले पळवणारी टोळी, अमक्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसाने अमके केले, अमके औषध प्या म्हणजे दवाखान्याची गरज नाही, 'पीएम किसान'च्या नावाने येणारी खोटी ए.पी.के. फाईल. याला बंदी असावी. खात्री होईपर्यंत असा मजकूर ग्रुपवर ठेवू नये. २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मजकूर सर्वांच्या मोबाईलवरून पुसता येतो. तो पुसावा आणि का पुसला ते दोन ओळींत लिहावे. संशय खराच असेल तर तो पोलिसांना ११२ वर कळवावा. ग्रुपवर टाकून जमाव करू नये.

दुसरा भाग : तक्रार आणि शंका. बियाणे उगवले नाही, खतात भेसळ वाटते, जनावरे अचानक मरू लागली. याला कधीही बंदी नको. मात्र तक्रार करणाऱ्याने स्वतःचे गाव, तारीख, वाण, लॉट नंबर आणि स्वतःच्या शेतातला फोटो द्यावा. 'सगळीकडे असंच चाललंय' असे लिहू नये, 'माझ्या शेतात असे झाले' असे लिहावे. बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवावी आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा.

तिसरा भाग : समजुती आणि कटाच्या गोष्टी. 'औषध खपावे म्हणून कंपनीनेच अळ्या सोडल्या', 'विमानाने ढग पळवले' असे आपण ऐकतो. त्या पारावरही एकाने अळीबद्दल हेच सांगितले. मला वाटते, अशा माणसाला हाकलू नये, उत्तर द्यावे. का? कारण हाकलले की तो म्हणतो, 'बघा, खरं बोललो म्हणून काढलं.' आणि ऐकणाऱ्यांनाही ते पटते. शिवाय अशी गोष्ट शेतकऱ्याला का पटते हेही पाहिले पाहिजे. त्याने बोगस बियाणे पाहिले आहे, मापात मारलेले काटे पाहिले आहेत. ज्याला दहादा फसवले तो अकराव्या वेळी खऱ्यावरही संशय घेतो. त्याच्या संशयाला हसून चालणार नाही. मी त्या दिवशी बांधावरच्या गवतातली ती अळी बरणीत घालून पारावर आणली, सर्वांना दाखवली आणि विचारले, लहानपणी गवत कापताना अशी अळी कुणाला लागली होती का? दोन आजीबाईंनी हात वर केले. त्या म्हणाल्या, "ही व्हय? हिला तर आमी पूर्वीपास्नं वळखतो. लई आग करती." कंपनीने अळी सोडल्याची गोष्ट तिथेच संपली. कुणालाही काढावे लागले नाही.

ठरवणार कोण?

उरला तो म्हाताऱ्या गृहस्थांचा प्रश्न. त्या गावाने असे ठरवले की एकट्या ॲडमिनने ठरवायचे नाही आणि एकट्या साहेबानेही नाही. पाच जण नेमले : ॲडमिन, आशाताई, शाळेतले एक गुरुजी, बचत गटातील एक ताई आणि एक जाणता शेतकरी. शंकेचा मजकूर आला की त्यांनी त्या विषयाच्या माहितगाराला फोन करायचा आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर लिहायचे : खरे, खोटे, किंवा 'अजून कळले नाही'. हे तिसरे उत्तर लिहायला लाजायचे नाही. ज्याचा मजकूर पुसला त्याला पारावर येऊन बोलायचा हक्क ठेवला. दंड रद्द केला. ज्याने चुकून खोटे टाकले त्याने त्याच ग्रुपवर, जिथे जिथे पाठवले तिथे तिथे, 'मी चुकलो, ते खोटे होते' असे लिहायचे, एवढीच शिक्षा. पहिला मजकूर मीच लिहिला.

ॲडमिन मंडळींना कायद्याची भीती वाटते, म्हणून तेही सांगतो. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचा सामील हेतू असावा लागतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटले आहे. पण जो स्वतः समाजात भीती किंवा वैर पसरवणारी खोटी खबर देतो त्याला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५३ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ही व्यवस्था पक्की आहे असा माझा दावा नाही. पाच जणही चुकतील. संध्याकाळपर्यंत थांबताना एखादी खरी खबर उशिरा पोचेल. पण चुकले तर दुरुस्त करायला जागा आहे. राईनपाड्यात दुरुस्तीला जागाच उरली नाही.

लक्षात ठेवा

१. दोन बाणांची खूण असलेला मजकूर वाचा, पण खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका.

२. मजकुरात गाव, तारीख, सांगणाऱ्याचे नाव नसेल तर संशय घ्या. 'सर्वांना पाठवा' असे लिहिले असेल तर जास्तच घ्या.

३. भीती किंवा राग आला की मोबाईल खाली ठेवा. एक गोठा झाडून होईल एवढा वेळ थांबा.

४. कीड-रोगाची खात्री सहायक कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठ किंवा किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१ येथे करा. हा फोन सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

५. हवामानासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठातून मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला पाहा.

६. जनावरांच्या रोगाची शंका आल्यास १९६२, पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

७. अफवेच्या भीतीने फवारणी करू नका. फवारताना अंगभर कपडे, मोजे, तोंडाला मास्क हवाच. विषबाधा झाल्यास कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा.

८. चूक झाली तर ती जिथे केली तिथेच कबूल करा.

आबा आता बरे आहेत. परवा भेटले तेव्हा मोबाईल पुढे करून म्हणाले, "साहेब, हे आलंय. खरं हाय का खोटं, ते बगून सांगा. तवर म्या कुनालाच धाडलं नाही." मी पाहिले आणि सांगितले, मलाही ठाऊक नाही, विद्यापीठात विचारून उद्या कळवतो. ते म्हणाले, "उद्या तर उद्या."

आपणही उद्यापर्यंत थांबायला शिकू या.